नवशीच्या टोपलीतली मतं

मोखाड्याच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक शटर आणि माझी चिडचिड. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठात पडलेला, ओहोळात पोहून आलेला, बैलाने पाय दिलेला, असा प्रत्येक मोबाईल शेवटी माझ्याच टेबलावर येतो. आणणारा वर विचारतो, "रोहिदासभाऊ, लगेच होईल ना?" अशा माणसाकडून तुम्ही नवशीची गोष्ट ऐकताय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

नवशी सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. पाडा म्हणायला एक, पण घरं दोन ठिकाणी. काही वर आंब्यापाशी, काही खाली उंबरापाशी, आणि मध्ये धाप लागेल असा चढ. नवशीचं घर वर. बाई साठीच्या अलीकडची, अंगाने काटक, बोलायला सडेतोड. आणि पाड्यावर तिची ओळख एकच, निरोपवाली.

मोबाईल यायच्या आधीपासून या पाड्याचे निरोप नवशीच नेते. बाजारात, सोयऱ्यांकडे, दवाखान्यात, जिथे ती जाणार तिथे तिच्याबरोबर दहा जणांचे निरोप जाणार. निरोप नेण्याचा तिथे एक रिवाज आहे. नेणाऱ्याने त्याला तिखटमीठ लावायचं नाही आणि निरोप घेताना स्वतःचं मत सांगायचं नाही. रागाचा निरोप रागाने पोचवायचा, लाडाचा लाडाने. एकदा ती माझ्या दुकानापुढे उभी राहिली आणि भर बाजारात ओरडली, "तू चोर हायस, रोहिदास. बॅटरी आठ दिसात फुगली." लोक वळून बघायला लागले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हा आमच्या पाड्यावरच्या पोश्याचा निरोप. आता माझा बोलते, चहा पाजतोस का?" मी चहा पाजला. बॅटरीही बदलून दिली, कारण पोश्याचा राग जसाच्या तसा पोचला होता.

मग आली 'डोंगरसाथ'. जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यांनी मिळून चालवायची संस्था. शहरातल्या काही पोरांनी ती जुळवून दिली आणि बाजूला झाले. हिला अध्यक्ष नाही, सचिव नाही, साधी हार घालायला एक खुर्चीसुद्धा नाही. मला तर प्रश्नच पडला, अध्यक्ष नाही तर लोकांनी भांडायचं कुणाशी? पण पद्धत साधी होती. निर्णय सभासदांनी मोबाईलवर मत देऊन घ्यायचे, घरटी एक मत. कुणी काय मत दिलं ते सगळ्या पाड्यांना उघड दिसणार. आणि ते सगळं ब्लॉकचेनवर.

पाड्यावर हे समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण लोकांच्या मते ज्याला मोबाईलचा स्क्रू काढता येतो त्याला सगळंच येतं. मी सांगितलं, "एकच गोष्ट एकदम शेकडो ठिकाणी लिहिली जाते. एकाने आपल्याकडची खोडली तरी बाकीच्यांकडे तशीच राहते. म्हणून ती पुसता येत नाही, मागाहून फिरवता येत नाही."

नवशीने मान डोलावली. "म्हंजे निरोपच की," ती म्हणाली.

मी पुढे बजावून सांगितलं, की प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये मताची एक चावी आहे, म्हणजे गुप्त आकडा, तो दाबला तरच मत पडतं. ती चावी कुणाला म्हणजे कुणाला द्यायची नाही, नवरा असला तरी नाही. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, नाय देणार. मला भाषण चांगलं जमलं असं वाटलं आणि मी जेवून परत आलो.

आता पहिला प्रश्न आला तो पाण्याचा. सूर्यमाळला उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल होतात ते मी सांगायला नको. डोंगरसाथने पाड्याला सौरपंप आणि एक मोठी टाकी द्यायचं ठरवलं. घरोघर नळ मात्र पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष म्हणजे काय हे पाड्याला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे टाकी बसेल तिथूनच पाणी भरायचं हे सगळ्यांनी धरून चाललं. मग टाकी कुठे बसवायची, वर आंब्याखाली की खाली उंबराखाली? मत देताना मोबाईलवर दोन चित्रं येत. आंबा हवा तर आंब्यावर बोट, उंबर हवा तर उंबरावर.

नवशीला टाकी आंब्याखाली हवी होती. तिची सून मीना पोटुशी होती, दिवस भरत आले होते, आणि ती भरलेला हंडा घेऊन खालून वर येताना मध्ये दोनदा बसत होती. नवशी स्वतः दिवसभर नागलीच्या शेताच्या कामात, मुलगा भिवंडीला कामावर. पाणी मीनानेच आणायचं. नवशीला रोज त्याचा घोर लागलेला असे.

मतदान झालं. उंबर जिंकला, एका मताने.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मतं उघड असली की ती बघणारेही असतात. जव्हारकडच्या दाभोशाचा तुळशीदास हा डोंगरसाथचा जुना सभासद. भाताची शेती करतो आणि उरलेल्या वेळात शंका घेतो. त्याने आपल्या घरी बसून सूर्यमाळची मतं पाहिली आणि सगळ्यांना दिसेल असं विचारलं, "या पाड्याची सगळी मतं एकाच दुपारी, एकामागोमाग एक कशी पडली? एकच माणूस बटणं दाबतोय का?" संस्थेचा नियम असा, की शंका निघाली तर दुसऱ्या पाड्याच्या सभासदाने जाऊन बघायचं आणि गरज वाटली तर मतदान पुन्हा घ्यायला लावायचं. ज्याने विचारलं त्यालाच सगळ्यांनी जायला सांगितलं. तो जीपने मोखाड्याला उतरला आणि मलाही बरोबर घेऊन गेला.

सगळे आंब्याखाली जमले. तुळशीदासने मतांच्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये काढून आणले होते. त्याने विचारलं, "ही मतं कोणी दाबली?"

"मी," नवशी म्हणाली.

"सगळी?"

"मंग दुसरा कोण दाबणार? रेंज हाय का इथं? डोंगरावर खडकापाशी येते. रोज कोण चढणार? मी मोबाईल टोपलीत घेते, घरोघर विचारते, वर जाते, ज्याने जसा सांगितला तसा दाबते."

मी म्हणालो, "मी सांगितलं होतं ना, चावी कुणाला द्यायची नाही म्हणून?"

"कुणाला दिली नाय," पोश्या म्हणाला. "नवशीकाकीला दिली."

पाड्याच्या हिशेबात नवशी 'कुणी' नव्हतीच. जगभरातल्या हुशार लोकांनी डोकं लढवून एक पद्धत काढली, की सगळी सत्ता एका हातात जाऊ नये. आणि आमच्या लोकांनी आपापल्या हाताने ती सगळी एका टोपलीत नेऊन ठेवली. मला हसूही येत होतं आणि रागही येत होता.

तुळशीदासला मात्र फक्त राग येत होता. तो म्हणाला, "एकेक घर वाचतो. ज्याचं मत चुकीचं पडलं असेल त्याने सांगा." तो नावं वाचत गेला. लाडक्या, उंबर. "बरोबर." गोदी, आंबा. "हां, बरोबर." वरचे आंबा, खालचे उंबर, सगळी जुळत गेली. नवशीचं स्वतःचं मत आंबा. तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं, की उंबराला जिंकवणारी सगळी मतं या बाईने आपल्याच बोटाने दाबली होती. खालचे एकमेकांकडे बघायला लागले.

शेवटचं नाव पोश्याचं. त्याचं घर खालच्यांमध्ये सगळ्यात वरचं, चढाच्या कडेला. मीना दम खायला बसते ती त्याच्याच दारात. सभेच्या दिवशी सकाळीही बसली होती. तुळशीदासने वाचलं, "पोश्या, उंबर."

पोश्याने मीनाकडे बघितलं, मग जमिनीकडे. "नाय," तो म्हणाला. "मी आंबा बोललो होतो."

एका मताचा तर फरक होता. पोश्याचं मत आंबा धरलं की टाकी वर येणार होती.

तुळशीदासचा चेहरा एकदम मवाळ झाला. आपली शंका खरी निघाल्याने त्याचं समाधान झालं होतं. "बाय, घाईत बोट चुकीचं पडलं असंल," तो म्हणाला. "चुकलं म्हणून सांग. मी तसं कळवतो, टाकी इथं बसंल, विषय मिटला."

वरची माणसं नवशीला डोळ्यांनी खुणावायला लागली. मीना तिच्या शेजारीच बसली होती. तिने हळूच सासूचा पदर ओढला. "आई, बोला की चुकलं. काय जातंय?"

नवशीने सुनेच्या पोटाकडे बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि खरं सांगतो, मलासुद्धा वाटलं, बाई, बोलून टाक.

"माझा काय चुकला नाय," नवशी म्हणाली. तिने सुनेच्या हातातून पदर सोडवून घेतला. "पोश्या, तू दारात उभा होतास. कोंबडी हाकलत होतास. तू मला बोललास, उंबर. मी विचारला, नक्की? तू बोललास, नक्की. आज मी चुकले बोलले, तर मंग आजपर्यंत नेले ते निरोप कोणते खरे आन कोणते खोटे? तुला वाटतं तू मला टाकी देतोस. तू माझं तोंड काढून घेतोस."

पोश्या मान वर करेना. "उंबरच बोललो होतो," तो शेवटी म्हणाला. "पण काकी, मीना रोज माझ्या दारात बसते. तू तेव्हा एक शब्द बोलली असतीस तर?"

"निरोप घेताना आपला बोलायचा नसतो. तुला ठाव नाय?"

तुळशीदासने मोबाईल खिशात टाकला. शंकेखोर असला तरी माणूस सरळ आहे. तो म्हणाला, "बाय, मतं सगळी खरी पडलीत, तसं मी लिहीन. पण हे चालणार नाय. उद्या तुझ्या जागी दुसरी कोणी आली तर? मतदान पुन्हा घ्यायचं. ज्याचं त्याने दाबायचं, ज्याच्या त्याच्या बोटाने. तू कुणाचा मोबाईल घ्यायचा नाय."

नवशी एकदम लहान दिसायला लागली. इतकी वर्षं जे काम तिने केलं ते काढून घेतलं होतं, आणि ते बरोबर होतं हे तिलाही कळत होतं. मला फार वाईट वाटलं. मग तिने विचारलं, "म्हंजे या कामात आता मी निरोपवाली नाय?"

"नाय."

"मंग आता मी माझा बोलू?"

"बोल की," तुळशीदास म्हणाला.

नवशी उठली आणि तिने खालच्या बायांकडे तोंड केलं. "टाकी आंब्याखाली बसली तर तुम्ही रिकामा हंडा घेऊन वर येणार, भरलेला घेऊन उतरणार. उंबराखाली बसली तर आम्ही रिकामा घेऊन उतरणार, भरलेला घेऊन चढणार. चढ दोघींना हाय. पण भरलेला हंडा घेऊन चढायचा फक्त आम्हाला. बस, एवढाच."

ती खाली बसली. म्हाताऱ्या लाडक्याने डोकं खाजवलं. "आन हे तू आत्ता बोलतेस?" तो म्हणाला. पहिल्यांदाच सगळे हसले, मीनासुद्धा.

मग अख्खा पाडा आपापले मोबाईल घेऊन डोंगर चढला. असली मिरवणूक मी पाहिली नव्हती. खडकापाशी रेंज पकडायला एकच जागा, एका पायावर उभं राहण्याइतकी, त्यामुळे रांग लागली. एकाची बॅटरी संपलेली, एकाला मोबाईलचं कुलूप उघडेना. दोघांनी नवशीकडे मोबाईल पुढे केला, तिने हात मागे बांधून घेतले. "रोहिदासला विचारा," ती म्हणाली. मला सगळ्यांनी छळ छळ छळलं.

पोश्याने आंब्यावर बोट ठेवलं आणि मोबाईल वर करून सगळ्यांना दाखवला. "उंबर बोललो होतो, आता आंबा बोलतो," तो म्हणाला. लाडक्यानेही आंबाच दाबला, खालच्या आणखी काही घरांनीही. काही जण मात्र उंबरावरच राहिले, आणि त्यांनीही तसं तोंडावर सांगितलं. टाकी आंब्याखाली बसणार हे ठरलं.

लोक गप्पा मारत उतरायला लागले. नवशी मात्र मागे थांबली. रिकामी टोपली तिने सवयीने बरोबर आणली होती, ती काखेत होती. मला वाटलं टाकी कधी येणार ते विचारणार.

"रोहिदास, ती पहिली मतं पुसली का रे?"

"नाही काकी. ती पुसता येत नाहीत. नवीन मतांच्या आधी तशीच राहतील, कायमची."

"पोश्याच्या नावावर उंबर हाय तिथं?"

मी मोबाईल उघडून तिला चित्र दाखवलं. पोश्याचं नाव, त्यापुढे उंबराचं झाड. तिने जवळ घेऊन, डोळे बारीक करून बघितलं आणि त्या झाडावर एकदा बोट ठेवलं.

"हां," ती म्हणाली. "तो असाच बोलला होता."

मग टोपली डोक्यावर पालथी घालून, उन्हाला आडोसा करत, ती सुनेचा हंडा भरून आणायला डोंगर उतरू लागली.