गाऱ्हाण्यात न आलेली आई

नमिता परब कांजूरमार्गला एका मेडिकलच्या काउंटरवर उभी राहते. विशीतली पोर, डोळ्यांखाली काळं, बोलायला तिखट. पाच वर्षांपूर्वी तिच्या चाळीचा म्हातारा राखणदार थकला आणि त्याने आपली काठी हिच्या हातात दिली. माणसांचा श्वास ओढून नेणारी काजळी कचऱ्याच्या धुरातून उठून यायची. नमिताने तिला तीनदा पिटाळून लावलं. चाळीने काय दिलं? वर्षाला एक कोंबडा, तोही हिच्या नावाने कापून सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला.

राखणदाराचा नियम कोकणातल्या माणसांना शिकवावा लागत नाही. वर्षातून एकदा नारळ ठेवून देवाला साकडं, म्हणजे गाऱ्हाणं, घालतात. त्यात जेवढी सीमा बोलली जाते तेवढीच त्याची राखण, आणि तेवढी त्याला चुकत नाही. त्यापलीकडे ती काठी म्हणजे नुसतं लाकूड.

मग चाळ पडली, टॉवर आला. सगळ्यांना घरं मिळाली, फक्त नमिताची आई नलिनी लटकली. नवरा गेल्यावर तिच्या खोलीवर धाकट्या दिराने, भिकाजीने, हक्क सांगितला. मायलेकी रस्त्यापलीकडे संक्रमण शिबिरात, सगळे ज्याला कॅम्प म्हणत तिथे, पत्र्याखाली राहिल्या.

आणि गाऱ्हाणं घालायचा मान कोणाचा? याच भिकाजीचा. टॉवरच्या पूजेला पांढरं धोतर नेसून तो नारळापुढे उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, ह्या गेटापास्ना त्या टाकयेपर्यंत जी तुझी लेकरां ऱ्हवतत, तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. हात जोडून नलिनीही ओरडली, सवयीने.

नमिता पुढे झाली. "काका, कॅम्प राहिला."

"पुढच्या वर्षाक बघूया. पावण्यांसमोर तोंड उघडू नको."

तो विसरला नव्हता. कॅम्पचं नाव घेतलं असतं तर तिथे वहिनी कोणामुळे पडली आहे, तेही चारचौघांत निघालं असतं. नारळ फुटला, विषय संपला.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी काजळी आली. टॉवरला वळसा घालून ती सरळ पत्र्यांत शिरली. तिला सीमा बरोबर कळत होती. कॅम्पातली माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. नमिताने काठी घातली, एकदा, दोनदा, दहादा. काठी धुरातून आरपार गेली. शेवटी तिने आईला पाठुंगळी घेतलं आणि रस्ता ओलांडून गेट गाठलं. आत एक पाऊल पडलं असतं तरी आई तिच्या राखणीत आली असती.

गेट आतून बंद होतं. गजांमागे भिकाजी, आणि त्याच्या बाजूला चाळीतली जुनी शेजारीण विनिता. चाळीत असताना हिच्याच मुलाला नमिताने काजळीच्या तोंडातून ओढून काढलं होतं.

"उघडा ना! आईला श्वास घेता येत नाहीये!"

"नमे, ती काजळी छातीत घेऊन आलीय गं," विनिता रडत म्हणाली. "आत पोरं आहेत आमची. जरा समजून घे ना यार."

भिकाजीने कडीवरचा हात काढला नाही. नमिताने शिव्या घातल्या, मग पाया पडली. नलिनी तिच्या मांडीवर तोंड उघडं टाकून धडपडत होती.  थोड्या वेळाने ती धडपडही थांबली.

पोट भरलं नव्हतं म्हणून काजळी टॉवरकडे वळली आणि भिंतीवरून वर चढू लागली.

"नमिता, काठी उचल!" भिकाजी किंचाळला.

तिला उचलायची नव्हती. जळून जाऊ देत सगळे, असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण गाऱ्हाणं बोलून झालं होतं आणि भिंत सीमेत होती. हात तिचा असला तरी तिला विचारून चालत नव्हता. आईचं डोकं मांडीवर असतानाच तो काठी घेऊन उठला, आणि घाव नेमका बसला.

बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या.