वेंडेलकाकांच्या चित्रातला तिसऱ्या दिवसाचा ठिपका

माणूस एकाएकी सुधारला की मला आधी संशय येतो. स्वभावच तसा, काय करणार!

वेंडेल सालकाई म्हणजे तिसा नदीकाठच्या आमच्या वेधशाळेतले सूर्य काढणारे काका. अडतीस वर्षं रोज सकाळी घुमटात चढायचे, दुर्बिणीतून फळीवरच्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडायचे आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने गिरवायचे. बारीकसा ठिपका दिसला की कागद हलवायचे. कागदाबरोबर सरकला तर ठिपका कागदाचा, जागीच राहिला तर सूर्याचा. "आधी कागद हलव गं पोरी, मग बोल," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं.

मी खालच्या खोलीत. माझी दुर्बीण वेगळी, तिला कॅमेरा. संगणक फोटोतले डाग आपोआप ओळखतो, त्यांचं क्षेत्रफळ मोजतो. काका त्याला 'तुझा आंधळा' म्हणायचे. संचालकांना काकांची चित्रं बंद करायची होती आणि मला ती काहीही करून टिकवायची होती. आंधळा चुकला तर ताडून बघायला दुसरं होतंच काय?

पूर्वी काकांचे डाग दहा तर आंधळ्याचे तेरा, रोजची भांडणं. मार्चपासून मात्र तेरा म्हणजे तेराच. संचालक खूश. म्हणाले, "बघ इल्का, दोघांचं एकच येतंय, मग दोन कशाला?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. काका हल्ली घुमटात जायच्या आधी माझ्याकडे यायचे, रुमालात 'पोगाचा' नावाचे गरम खारे पाव बांधून. "खा, वाळलीयस नुसती." मी खात बसायची आणि ते माझ्या पडद्याला नाक लावून बसायचे. तोवर मला वाटायचं, म्हातारा मायाळू झाला!

जूनमध्ये पडद्यावरचा एक ठिपका तीन दिवस एकाच जागी दिसला. सूर्य फिरतो, त्याच्यासोबत डाग रोज थोडा पुढे जातोच. हा ढिम्म. कॅमेरा उघडला तर काचेवर धुळीचा कण. मग मी काकांचे कागद काढले. माझ्या कॅमेऱ्यातली धूळ त्यांच्या चित्रात, तिन्ही दिवस, त्याच जागी!

माझं डोकंच फिरलं. कागद घेऊन धाडधाड वर गेले.

"काका, हे काय आहे?"

"धूळ," काका शांतपणे म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी कळलं मला. सरकत नव्हती."

"तरी चित्रात काढलीत? अहो, उद्या अडतीस वर्षांच्या कागदांवर कोणी विश्वास ठेवणार नाही!"

"ठेवतील. सही बघ."

प्रत्येक चित्राखाली उजवीकडे काकांची सही असते. या तिन्हींवर नव्हती. मी मागचे कागद उलटत गेले. मे कोरा. एप्रिल कोरा. शेवटची सही अकरा मार्चची.

"मोतीबिंदू पिकलाय," ते म्हणाले. "बारीक डाग दिसतच नाहीत, तुझ्या पडद्यावरचेच गिरवतो. आपल्या तोंडाने सांगवेना गं. म्हटलं, सही नाही दिसली की कोणीतरी विचारेल. कोणी विचारलं नाही. मग म्हटलं, धूळच चित्रात काढून बघू."

मला रडूच फुटलं. "मला सांगायचं होतंत!"

"तुलाच तर सांगत होतो रोज."

त्यांनी कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. चित्र खाली आलं की ते तपासून 'पाहिले' असा शिक्का मी मारते. तो प्रत्येक कागदावर होता, सहीच्या कोऱ्या जागेच्याच ओळीत, ठसठशीत.