सुई टोचली, सांगायचं कुणाला?

मनीषनगरमधल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात मी आणि माझी मदतनीस, आम्ही दोघीच. ती रोज कळमेश्वरहून बसने यायची. त्या दुपारी पेशंटबाई उठून गेल्या आणि भुलीची वापरलेली सुई टाकताना तिच्या अंगठ्यात शिरली.

“मॅडम, टोचली वो मले,” ती इतक्या हळू म्हणाली की मला आधी कळलंच नाही.

तिचा हात नळाखाली धरला आणि तिला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. एचआयव्ही, कावीळ, काहीही येऊ शकतं रक्तातून. त्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या, काही महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावलं. पेशंटबाईंना मी फोनवर रक्त तपासायची विनंती केली, तर “मला रोगी समजता का?” म्हणून त्यांनी फोनच ठेवला.

गोळ्यांनी तिला सारखं मळमळायचं. याची सरकारदरबारी कुठेतरी दखल घेतली जावी, तिला काही आधार मिळावा, असं मला वाटत होतं. म्हणून कामगारांची सुरक्षितता बघणाऱ्या कार्यालयात गेले.

“कामगार किती?” साहेबांनी विचारलं.

“एक.”

ते हसले. “मॅडम, एकासाठी आमच्याकडे काही नाही. दवाखान्याचा कचरा बघणाऱ्यांकडे जा.”

तिथे म्हणाले, कचरा वेळेवर उचलतात ना, मग आमचं काम संपलं. माणसाचं काय ते आरोग्यवाल्यांना विचारा. आरोग्यवाल्यांनी अर्ज ठेवून घेतला. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

दवाखान्याच्या तपासणीला मात्र त्या कचरा बघणाऱ्या कार्यालयातून दोघं न सांगता आले. कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग बघितले, अवजारं उकळायचं यंत्र बघितलं, खूश झाले. मी तिला पुढे बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यातल्या मोठ्या साहेबांनी तिच्याकडे वरवर बघितलं.

“आता बरी आहेस ना?”

तिने मान हलवली.

“मग मॅडम, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या?” ते म्हणाले, आणि भिंतीवरचा सूचनांचा तक्ता मराठीत पाहिजे होता म्हणून मलाच समज देऊन गेले.  चहाही विचारला नाही मी त्यांना.

तिची शेवटची रक्ततपासणी स्वच्छ आली. कागद हातात घेऊन ती माझ्या गळ्यात पडून रडली. पण तोवर घरी सासूने तिचं ताट आणि पेला वेगळा काढला होता. नवऱ्याने काम सोडायला लावलं.

“काम चांगलं होतं मॅडम, पण घरी रोजच भांडण होऊन राहिलं,” एवढंच म्हणाली. आता ती इतवारीत एका कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते.

तिच्या जागी अजून कोणी टिकलेलं नाही. चौकशीला येणारी प्रत्येक बाई विचारते, आधीची काहून सोडून गेली? मी खरं ते सांगते. मग ती दुसऱ्या दिवशी येत नाही.