चावी मामांच्याच हातात

मामा घरी आले की भाचरं नाचतात, ही जगाची रीत. हे मामा दारात दिसले की अख्खी गल्ली दारं लावून घ्यायची. गाड्यांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीत ते वसुलीला होते. हप्ते थकले की गाडी ताब्यात घ्यायची आणि कंपनीच्या आवारात आणून लावायची, हे त्यांचं काम. तीस वर्षं केलं. त्यांना मामा हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नाही. कंपनीचा क्रेनवाला म्हणायचा, "ज्याची गाडी गेली त्यानंच पाडलं असणार. शिवी द्यायला तोंड उघडलं आणि नातं बाहेर पडलं."

त्याआधी मामा स्वतः टेम्पो चालवत. एका सकाळी ते नळावर तोंड धूत होते, आणि याच कंपनीच्या माणसांनी टेम्पो ओढून नेला. हप्ते थकले होते, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण केबिनमध्ये धाकटीचे शाळेचे बूट राहिले होते. ते मागायला मामा चार वेळा आवारात गेले. चारही वेळा उत्तर एकच, "यादीत नाहीत." मुळात यादी कुणी केलीच नव्हती. पोरगी पंधरा दिवस चपला घालून शाळेत गेली आणि रोज वर्गाबाहेर उभी राहिली.

पुढं त्याच कंपनीला माणूस हवाय असं कळलं, तेव्हा मामांनी अर्ज केला. मामी म्हणाल्या, "ज्या विहिरीत पडलात तिथंच पाणी भरायला जाताय?"

"पडलेल्यालाच कळतं, कठडा कुठं हवा होता," मामा म्हणाले.

आणि त्यांनी खरंच दोन कठडे बांधले. गाडी हलवण्याआधी आतली प्रत्येक वस्तू कागदावर लिहायची, आणि आवारात पोचलं की एकेक करून मालकाच्या हातात द्यायची, हा एक. दुसरा असा की क्रेन लावायची नाही. मालकानं स्वतः गाडी चालवत आणायची, मामा शेजारी बसणार. "ओढत नेली की शेजारपाजार बघतो," ते म्हणत. "तू चालवत आण. लोकांना वाटेल कामाला निघालास." कितीतरी दांडगे गडी त्या शेजारच्या सीटवरच्या मुक्या माणसाला घेऊन आवारात आले, आणि चावी देताना रडले. पळालं मात्र कुणी नाही.

शेवटच्या वर्षी नवा साहेब आला. उंटावरून शेळ्या हाकणारा. त्यानं मामांना लेखी दिलं की या पद्धतीपायी एक जरी गाडी हातची गेली, तर तिची किंमत मामांच्या निवृत्तीच्या रकमेतून कापली जाईल. निवृत्तीला चार महिने होते. त्या रकमेतून घराचं गळकं छप्पर बदलायचं मामींनी कधीचं ठरवून ठेवलं होतं.

"चार महिने तरी मला काम द्या," क्रेनवाला म्हणाला. "तुमच्यापायी माझा आकडा गंजला."

मामा नुसते हसले, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे एकटेच निघाले.

त्या दिवशीची गाडी होती एक पांढरी व्हॅन. ती सापडली एका बाईच्या दारात. दोन हॉस्पिटलांच्या चादरी धुवून पोचवायचं बाईचं काम. घरभर वाफ, साबणाचा वास, आणि भिंतीला लागून पांढरी गाठोडी.

"माझ्यावर कुणाचं कर्ज नाही," ती म्हणाली. "रोख मोजून घेतलीय. पुस्तकसुद्धा माझ्याकडंय."

"आणा बघू."

नोंदणीचं पुस्तक प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेलं. कराच्या पावत्या तारखेनं लावलेल्या. पहिल्या पानावर मात्र अजून जुन्याच मालकाचं नाव. "नावावर करून देतो म्हणाला. आज-उद्या करत आठ महिने झाले," ती म्हणाली. मामांनी मागचं पान उघडलं. तिथं विम्याचा एक कागद डकवला होता. त्याची कड त्यांनी नखानं उचलली. खाली कंपनीच्या बोजाचा शिक्का होता.

"बोजा माणसावर नसतो, ताई. गाडीवर असतो," मामा हळू म्हणाले. "गाडी विकली की तोही तिच्यासोबत जातो. कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन नोंदणी कार्यालयात तो उतरवला, तरच गाडी मोकळी."

"म्हणजे पैसे मी मोजले, आणि गाडी त्याची?"

"त्याचीही नाही. फिटेपर्यंत कंपनीचा हात तिच्यावर."

बाई गाठोड्यावर बसली. मग म्हणाली, "दहाच्या आत ऑपरेशनच्या चादरी पोचवायच्यात. तिथं माणसं पोट उघडं टाकून पडलेली असतात, मामा. त्यांनी काय तुमचा शिक्का बघायचा?"

नियम होता, गाडी थेट आवारात आणायची. मामांनी घड्याळ पाहिलं. "चला. वाटेतच आहे," ते म्हणाले. हॉस्पिटल वाटेत नव्हतं.

ती चालवत होती, मामा मांडीवर कागद घेऊन यादी लिहीत होते. एका सिग्नलला तिनं विचारलं, "मी तुम्हाला उतरवून पळून गेले तर?"

"तर गाडीचे पैसे माझ्या छपरातून जातील," मामा म्हणाले, आणि पुढची ओळ लिहायला लागले.

हॉस्पिटलच्या मागच्या दारात ती म्हणाली, "तेवढी दोन गाठोडी आत द्याल? कंबर धरलीय." मामा उतरले. आतली नर्स एकेक चादर उलगडून डाग बघणारी, त्यात पाव तास गेला. बाहेर येतात तो व्हॅन नाही. जमिनीवर ऑइलचा ताजा थेंब तेवढा होता.

मामा पायरीवर बसले. एक तास गेला. क्रेनवाल्याचा फोन आला, "मामा, साहेब विचारतोय. गाडी कुठंय?"

"येतेय," मामा म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी ऑफिसला थाप मारली नव्हती. ही पहिली. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, आपण शेजारी बसत आलो ती माणसांची पारख नव्हतीच. नुसतं नशीब होतं, ते आज संपलं. मामींना काय सांगायचं, या विचारात ते चालत आवाराकडे निघाले. जाऊन साहेबासमोर उभं तर राहायलाच हवं होतं.

आवाराच्या फाटकात पांढरी व्हॅन उभी होती. काचा वर, बाई स्टिअरिंगवर. रखवालदार वैतागला होता. "अर्धा तास झाला, मामा. मला चावी देत नाही. मामांच्याच हातात देणार म्हणते."

तिनं काच खाली केली. "नाक्यापर्यंत गेले होते," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? डावीकडं वळलं की भावाचं गाव. वळलेच होते. तेवढ्यात सीटवर तुमचा कागद दिसला."

कागद तिच्या हातात होता. तिनं वाचायला सुरुवात केली. "आईचा फोटो, एक, काच तडकलेली. कंगवा, एक, तीन दात मोडलेले. पेपरमिंटच्या गोळ्या, चार." तिनं कागदावरून मान वर केली. "मी कप्पा उघडून बघितलं. चारच होत्या. माझ्या गोळ्या मोजणाऱ्याच्या पोटावर कसा पाय देऊ? दुसऱ्या हॉस्पिटलच्या चादरी टाकल्या, तुम्हाला घ्यायला परत आले, तर तुम्ही निघून गेलेले."

मामांनी चावी घेतली. फोटो, कंगवा, गोळ्या एकेक करून तिच्या हातात दिल्या, आणि यादीखाली तिची सही घेतली.

व्हॅन वाचली नाही. व्हॅन विकणाऱ्यावर पोलिसांत तक्रार नोंदवायला मामा तिच्यासोबत गेले, पण पोलिस पोचेपर्यंत त्याच्या घराला कुलूप लागलं होतं. महिन्याभरानं लिलावात व्हॅन दुसऱ्याच कुणी घेतली. बाई पाच-सहा महिने हातगाडीवरून चादरी पोचवत राहिली. मामा निवृत्त झाले, रक्कम पुरती मिळाली, छप्पर झालं. पण नवीन पत्र्याखाली पहिले काही दिवस मामांना झोप लागली नाही, असं मामी सांगतात.

मग एका सकाळी बाई त्यांच्या पायरीशी आली. एक जुनी गाडी बघून ठेवली होती, पैसे अजून दिले नव्हते. तिनं पुस्तक पुढं केलं. मामांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानाकडे न बघता मागचं पान उघडलं. नखानं कडा तपासल्या. उजेडाकडे धरून बघितलं.

"कोरं आहे ना?" तिनं विचारलं.

"पुस्तक तर कोरंच म्हणतंय," मामा म्हणाले, आणि चपला शोधायला लागले. "चला. नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर विचारून येऊ, मग पैसे द्या."