साडेपाच फुटांखालचं कपाट

रुग्णालयाच्या धुलाईखात्यात तिला सगळे स्टूलताई म्हणत. उंची चार फूट आठ इंच आणि काम चादरींच्या कोठीवर. कोठीत जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यामुळे एका हातात स्टूल आणि दुसऱ्या हातात अभ्र्यांची चळत हे तिचं रोजचं रूप. नाव कुणी कुचकेपणानं ठेवलं नव्हतं, आणि तिनंही ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. कोठीतली कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. फोनवरून नर्सबाई म्हणायच्या, "दोन नंबर वॉर्डला बारा चादरी, सहा लहान टॉवेल," आणि पलीकडचा फोन खाली ठेवला जाईपर्यंत गठ्ठा खिडकीत तयार असायचा.

घरी मात्र तिचीच फजिती होती. वर्षभरापूर्वी ती आणि तिचा नवरा दोन खोल्यांच्या नव्या घरात राहायला आले. झोपायच्या खोलीत भिंतीतच एक कपाट होतं, सहा फूट रुंद, दोन दारांचं. बाहेरून बघावं तर झकास. दार उघडलं की आत डोक्याच्या बऱ्याच वर एक दांडी, तिच्यावर एकच फळी आणि बाकी सगळी पोकळी. दांडी तिच्या हाताला लागायची नाही. त्यामुळे तिचे कपडे तळाशी ढिगात राहायचे, आणि ढिगातून एक कुर्ता ओढला की बाकीचे सात पायांवर यायचे. नवरा बसचालक, ताडमाड उंच, त्याला दांडीचा काही त्रास नव्हता. पण त्याचेही मोजे त्या ढिगात एकेकटे हरवायचे आणि सकाळी एक काळा, एक करडा घालून तो कामावर जायचा.

मग तिच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली. कार्यालयानं छोटा समारंभ केला, टाळ्या वाजल्या, आणि साहेबांनी तिच्या हातात एक पाकीट ठेवलं. आत घरसामानाच्या मोठ्या दुकानाचं बारा हजारांचं व्हाउचर होतं. महिनाअखेरपर्यंत वापरायचं, रोख परत मिळणार नाही. जोडीच्या बायकांनी लगेच सुचवायला सुरुवात केली. मिक्सर घे, गालिचा घे, पडदे घे.

"कपाट," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते इतकं झटकन निघालं की तिचं तिलाच हसू आलं. "माझं कपाट आतून लावून घेणार मी!"

शनिवारी ती दुकानात निघाली तेव्हा नणंद बरोबर आली. नणंद नवऱ्याहून धाकटी, पण घरसजावटीतलं आपल्याला सगळं कळतं या तिच्या खात्रीपुढे थोरामोठ्यांनीही हात टेकले होते.

"वहिनी, आरसा सरकता घ्यायचा," ती वाटेतच म्हणाली. "आणि आत दिवे. दार उघडलं की आपोआप लागणारे."

"वन्सं, दिव्याच्या उजेडात ढीग जास्तच स्पष्ट दिसेल ना!"

दुकानातल्या कपाटांच्या दालनात शिरताच मात्र दोघी वाद विसरल्या. भिंतभर कपाटंच कपाटं, दारं सताड उघडी. कुठे मखमलीचे कप्पे, कुठे पँट टांगायचे सरकते दांडे, कुठे नुसत्या टायसाठी गोल फिरणारं झाडासारखं काहीतरी. स्टूलताईला जत्रेत शिरल्यासारखं झालं. तिनं प्रत्येक खण ओढून पाहिला, प्रत्येक फळीवर तळवा दाबून पाहिला.

विक्रेता साठीकडे झुकलेला गृहस्थ होता, चष्मा कपाळावर. त्यानं सहा फुटांचा तयार संच दाखवला. चार ड्रॉवर, दोन दांड्या, चपलांची जागा. "ताई, हाच घ्या. सगळे हाच नेतात. एका दिवसात बसतो."

किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली तर आकडा व्हाउचरच्या दुपटीला टेकलेला. दुसऱ्या टोकाला दांडीला लटकवायचे कापडी कप्पे होते, अगदी स्वस्त. तिनं त्यात शेजारचा एक टॉवेल ठेवला, तर कप्पा गाढवाच्या पाठीसारखा मधोमध वाकला.

"आमच्याकडे एका दिवसात चारशे टॉवेल येतात," ती विक्रेत्याला म्हणाली. "हे आठवडाभरही टिकणार नाही."

आणि मग, कोपऱ्यात, तिला ती पट्टी दिसली. भिंतीला उभ्या ठोकायच्या लोखंडी पट्ट्या, अंगभर खाचा, खाचेत अडकवायचे ब्रॅकेट, ब्रॅकेटवर फळी किंवा दांडी. हवं ते, हव्या त्या उंचीवर. सगळं सुटं, सगळं वेगवेगळं विकत मिळणारं. तिनं एक ब्रॅकेट काढलं, चार खाचा खाली अडकवलं. टक्. पुन्हा काढलं, आणखी दोन खाली. टक्.

"हे खाली येतं!" ती जवळजवळ ओरडलीच. "वन्सं, बघा ना, हे मला हवं तिथं येतं!"

"पण वहिनी, हे गोदामासारखं दिसतं."

"मी गोदामातच काम करते."

विक्रेत्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. काय काय देऊ, किती पट्ट्या, किती फळ्या? तिचा हात व्हाउचरच्या पाकिटावर गेला होता, पण तिनं तो मागे घेतला. कोठीत नवी मांडणी लावताना ती आधी काय ठेवायचं ते मोजायची. घरी आपण काय टांगतो आणि किती, हे तिला धड माहीत नव्हतं. "बुधवारी येते," ती म्हणाली. बाहेर पडताना नणंद कुरकुरली, पण स्टूलताईचे पाय जमिनीवर नव्हतेच. वाटभर ती हवेत बोटानं फळ्या काढत होती.

रविवारी सकाळी तिनं कपाट रिकामं केलं. एकूण एक कपडा पलंगावर. नवऱ्यानं चहा करून आणला आणि कप ठेवायला जागा न सापडून तो तसाच उभा राहिला.

"अहो, तुमच्याकडे पांढरे शर्ट किती आहेत माहितीय? अकरा!"

"मला वाटलं चार आहेत."

"आणि लांब टांगायचं असं आपल्या दोघांत मिळून किती? पाच. दोन कोट, तीन झगे. पाच कपड्यांसाठी सहा फूट दांडी अडवून बसलोय आपण!"

तिचे डोळे लकाकत होते. लांब कपड्यांना एका बाजूची अरुंद जागा पुरणार होती. उरलेल्या जागेत एकाखाली एक दोन दांड्या, वर त्याचे शर्ट, खाली तिचे गणवेश. मधे फळ्या. मग तिनं टेप घेतली. वर मोजलं, सहा फूट. मधे मोजलं, सहा फूट. तळाशी मोजलं आणि ती थबकली. दोन्ही बाजूंना भिंतीच्या पायथ्याची फरशी अर्धा अर्धा इंच पुढे आलेली होती. तळाशी एक इंच कमी.

"अहो, तो तयार संच आणला असता तर आत गेलाच नसता!" तिला इतका आनंद झाला, जणू तो संच विकत घेऊन परत करायचा त्रास खरोखरच वाचला होता.

शेवटी ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि सहज जाईल तिथपर्यंत हात वर केला. टाचा न उचलता. "इथे पेन्सिलीनं खूण करा."

नवऱ्यानं खूण केली. साडेपाच फूट. "माझीही करू का?" त्यानं विचारलं, आणि स्वतःचा हात वर करून दीड फूट उंचावर दुसरी रेघ ओढली. मग दोन रेघांमधल्या जागेवरून त्यानं बोट फिरवलं.

"एवढी वर्षं मी तुला विचारायचो, डबा वरच्या फळीवर का ठेवत नाहीस," तो म्हणाला. "मूर्खच होतो."

"होताच," ती म्हणाली आणि त्याच्या हातातला चहा घेतला. "आता रेघेच्या वर तुमचं राज्य. जादा रजया, प्रवासाच्या बॅगा. रेघेच्या खाली जे रोज लागतं ते सगळं."

बुधवारी दुपारची पाळी संपल्यावर ती एकटीच दुकानात गेली. वहीच्या चौकटीच्या कागदावर काढलेलं कपाट तिनं काउंटरवर पसरलं. एक चौकट म्हणजे तीन इंच. प्रत्येक कप्प्यात काय आणि किती ते बारीक अक्षरात. विक्रेत्यानं कागद उलटा केला, सुलटा केला.

"ताई, तुम्ही कुठल्या कंपनीत डिझाइन करता?"

"रुग्णालयाच्या धुलाईत."

तो हसला, मग ती थट्टा करत नाहीये हे कळल्यावर त्यानं चष्मा पुसून कागद पुन्हा नीट वाचला. मग यंत्रावर एकेक वस्तू चढवत गेला. बेरीज आली. बारा हजारांच्या वर, तेही थोडंथोडकं नाही. सगळा घोळ चार ड्रॉवरनी केला होता.

ती कागदाकडे बघत राहिली. ड्रॉवरमध्ये काय जाणार होतं? मोजे, रुमाल, आतले कपडे. कोठीत याहून बारीक वस्तू होत्या, बाळांचे लंगोट, हातमोजे. तिथे ड्रॉवर कुठे होते? एकही नव्हता. होती ती उथळ फळी आणि मधे उभे पुठ्ठे.

"ड्रॉवर काढा," ती म्हणाली. "चारही. त्याऐवजी दोन फळ्या द्या, निम्म्या खोलीच्या. सहा-सहा इंचांवर लावायच्या."

"निम्म्या खोलीची फळी आम्ही..." विक्रेता अडखळला. मग त्यानं बोट वर केलं, "थांबा," म्हणाला आणि मागच्या दारातून नाहीसा झाला. परत आला तेव्हा त्याच्या काखेत तीन फळ्या होत्या. कापताना माप चुकलेल्या, म्हणून बाजूला पडलेल्या. दोन पांढऱ्या, एक गडद तपकिरी. "या निम्म्या दरात देतो. रंग मात्र जुळत नाही."

तिनं फळ्यांना टेप लावली. तिन्ही बसत होत्या! तपकिरी तर अशी नेमकी, की मुद्दाम कापून घेतल्यासारखी. "रंगाचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली, "वर मोजेच तर येणार!" नवी बेरीज व्हाउचरच्या आत आली. उरलेल्यात तिनं बारीक लाकडी हँगर घेतले आणि सगळं घरपोच पाठवायला सांगितलं. विक्रेत्यानं त्या कागदाची एक प्रत काढून स्वतःकडे ठेवली, न विचारता, आणि मग विचारून.

शनिवारी नवऱ्यानं शेजाऱ्याचं ड्रिल आणलं. पहिलं भोक पाडलं आणि ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मागची भिंत विटांची नव्हतीच. जिप्समच्या पातळ तक्त्यामागे पोकळी होती.

"ही भिंत वजन धरणार नाही," तो हळूच म्हणाला. "सगळं खाली येईल."

क्षणभर तिला सामानाचे खोके पुन्हा बांधावेसे वाटले. मग ती कपाटात शिरली, कान भिंतीला लावला आणि बोटाच्या पेरानं ठोकत सरकू लागली, वॉर्डात डॉक्टर छाती ठोकून बघतात तशी. पोकळ, पोकळ, पोकळ. आणि मग, घट्ट.

"इथे! इथे आत काहीतरी आहे!"

नवऱ्यानं बारीक भोक पाडलं. ड्रिल कण्हलं आणि लाकडाचा भुसा बाहेर आला. तक्त्यामागे उभे लाकडी दांडे होते, दर दोन फुटांवर एक. तिनं ठोकत ठोकत सगळे शोधले, तो खुणा करत गेला. पट्ट्यांच्या जागा बदलल्या, तिच्या कागदावरचा मधला कप्पा जरा रुंद झाला आणि लांब कोटांची जागा जरा अरुंद. तिनं तिथेच मांडी घालून नवा कागद काढला. चार पट्ट्या चार दांड्यांवर अशा बसल्या, की नवऱ्यानं एका ब्रॅकेटला लटकून बघितलं. पट्टी जागची हलली नाही. "उतरा खाली," ती ओरडली, "तुम्हाला धुवायला टाकायचं नाहीये!"

दुपारी नणंद आली. कपाट लावून झालं होतं. चादरींच्या घड्या एका मापाच्या, दुमड बाहेर, म्हणजे मधली ओढली तरी वरची ढळत नाही. गणवेश रांगेत. उथळ फळ्यांवर पुठ्ठ्याच्या भिंती, त्यांच्या आत मोजे जोडीनं. नणंदेनं दोन्ही दारं उघडली. एकेक फळी तळव्यानं दाबून पाहिली. मग तिनं तपकिरी फळीवर बोट ठेवलं.

"हे एवढंच वेगळं दिसतंय," ती म्हणाली. आणि लगेच, "वहिनी, माझ्याकडे कधी येतेस? पुढच्या रविवारी?"

"येते. पण आरसे-दिवे काही बोलायचं नाही."

"एक दिवा?"

"बघू."

सोमवारी सकाळी नवरा दाढी करून खोलीत आला, तर ती पूर्ण तयार होऊन कपाटासमोर उभी. तिनं दारं लावली. उघडली. हात वर करून एक शर्ट खाली काढला, परत टांगला. पुन्हा दारं लावली.

"अगं, काय हरवलंय?"

"काही नाही."

तिनं पुन्हा दारं उघडली, आणि या वेळी तोही टॉवेल खांद्यावर टाकून शेजारी उभा राहिला. दोघं बघत राहिले. स्वयंपाकघरात चहा उकळून उतू जायला लागला होता. गॅस बंद करायला कुणी जायचं यावर थोडी बाचाबाची झाली, आणि त्या सकाळी त्याची पाच नंबरची बस सात मिनिटं उशिरा सुटली.