उपडा तांब्या

ट्रॅक्टर सुरू झाला होता आणि अश्विनी ट्रॉलीत चढायच्या बेतात होती. आठवा महिना, पायांवर सूज. मी तिला खाली बसवलं आणि बीपी घेतलं. भीती होती तेच निघालं.

मी नांदूरघाटकडच्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गरोदरपणात बीपी वाढलं की आईला झटके येऊ शकतात. आई आणि बाळ, दोघंही जाऊ शकतात. आम्ही याला ‘हाय रिस्क’ म्हणतो.

“ही ऊसतोडीला जाणार नाही,” मी म्हणाले.

मुकादम खाली उतरला. “म्याडम, अर्धा कोयता घेऊन मी काय करू?”

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाईला या व्यवहारात वेगळं नावसुद्धा नाही. माझा पारा चढला. पण मी तोंड उघडायच्या आत अश्विनीची सासू, कौसाबाई, ट्रॉलीत आपल्या लेकाशेजारी चढली. सुनेचं गाठोडं खाली दिलं, आपलं वर घेतलं.

“झाला न्हवं कोयता पुरा?”

“मावशी, झेपंल का?”

“तुझ्या मायला इचार. तिच्या बरुबर तोडलाय मी.”

आता घरी राहणार सासरे, किसनतात्या. अश्विनीच्या माहेरची माणसं आधीच उसाच्या फडावर गेलेली. तिला सांगितलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर तात्यांना लगेच सांग. तिनं पदर पुढं ओढला. सासऱ्यांशी ती कधी बोललीच नव्हती.

“जीव मोठा की पदर?” मी सुरू झाले. पदर आणखी खाली आला.

“म्याडम, तुमचं चालू द्या,” ट्रॉलीतून कौसाबाई म्हणाली. “अश्विने, दुखलं-खुपलं की उंबऱ्यावर तांब्या उपडा घाल. मामा बघतील.”

बाजूला उभ्या तात्यांनी लिंबाच्या झाडाकडे बघत मान हलवली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. मी तपासायला जाई तेव्हा तात्या अंगणात बाजेवर, तोंड उंबऱ्याकडे. एरवी हा माणूस दिवसभर पारावर असायचा. आता चहा तिथंच, दाढी तिथंच.

एका दुपारी फोन आला. “म्याडम, तांब्या उपडा हाय.”

अँब्युलन्समध्ये घेतलं तेव्हा बीपी भलतंच चढलं होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात वेळेआधी मुलगी झाली, ओंजळभर. एवढ्या लहान बाळाच्या अंगात ऊब टिकत नाही. त्याला उघड्या छातीशी धरून ठेवावं लागतं. याला ‘कांगारू केअर’ म्हणतात. आईवर उपचार चालू होते. सिस्टरने विचारलं, जवळचं कोण आहे?

तात्यांनी सदरा काढला.

मी आत गेले तेव्हा पांढऱ्या केसांच्या त्या छातीवर इवलीशी टोपी दिसत होती. मी दारातच थांबले.

“तात्या, पाठ अवघडली असंल.”

“हळू बोला. झोपलीय.”

अश्विनीला व्हीलचेअरवर आणलं. ती पदराआडून म्हणाली, “मामा, द्या आता माझ्याकडं.”

माय-लेकी सुखरूप घरी आल्या. पदर अजून आहे तिथंच आहे, आणि त्याच्याशी माझं भांडणही. पण नवी गरोदर बाई उपकेंद्रात आली की, घरी कोण कोण आहे, एवढ्यावर मी थांबत नाही. त्यातल्या कुणाशी बोलत नाहीस, तेही विचारते.