मंगेश खेळायचा त्या जागेवर

सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी आदिलाबादच्या भाजीबाजारात वांग्यांच्या ढिगामागे बसले होते. त्या फोनवर कधी थोडक्यात बोलत नाहीत. गाईने चारा खाल्ला की नाही इथपासून सुरू होतात. त्या सकाळी मात्र "घरी ये" एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुन्हा लावून विचारायचा मला धीर झाला नाही. शेजारच्या बाईला माल सांभाळायला सांगितला आणि आमच्या गावाकडे, तलमडुगुकडे जाणाऱ्या ऑटोत बसले. ऑटोवाला सवारीसाठी थांबला की मी त्याला पुढे चला म्हणायची. मनात म्हणत होते, श्वासाचं मशीन बंद पडलं असेल, लाईन गेली असेल, मास्क सरकला असेल... दुरुस्त करता येईल असंच काहीतरी असेल. गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि आमच्या दारापुढे चपला दिसल्या. खूप चपला. मग कुणी काही सांगायची गरज राहिली नाही. माझा धाकटा दीर मंगेश गेला होता. त्याला आता काही आठवडे झालेत आणि अजून गल्लीत वळताना मी आधी दारापुढच्या चपला बघते.

मंगेश मोबाईल दुरुस्त करायचा. गावातल्या रस्त्यावर त्याचं एक काचेचं टेबल होतं. डोळ्याला भिंग लावून तो त्यामागे वाकलेला असायचा. बोलणं कमी. लग्न करून मी या घरात आले तेव्हा वाटलं होतं, हा मुलगा आपल्याशी नीट बोलेल की नाही. पण संध्याकाळी तो समोरच्या खोलीत कम्प्युटरपुढे बसला की वेगळाच माणूस व्हायचा. कानाला हेडफोन लावून अखंड बोलायचा. "डावीकडं दोन आले, भिंतीमागं एक बसला, थांबा, अजून नोका जाऊ..." पलीकडे चार मित्र असायचे, आपापल्या घरी. त्यांचा म्होरक्या आदिलाबादचा प्रवीण. तो तेलुगू घरातला, मंगेशशी दखनी हिंदीत बोलायचा आणि मला 'वदिना' म्हणायचा. तेलुगूत वहिनीला तसंच म्हणतात.

तो गोळीबाराचा खेळ होता. पाच जण या बाजूला, पाच त्या बाजूला, आणि मधल्या चौकाचा ताबा कुणाकडे राहतो त्यावर हारजीत. प्रत्येकाचं काम ठरलेलं. प्रवीण ढाल घेऊन पुढे घुसायचा, कुणी जखमी झालेल्यांना बरं करायचा, आणि मंगेश सगळ्यांच्या मागे, कुठल्यातरी छतावर लांब बंदूक घेऊन पडलेला. स्नायपर. मी चहा घेऊन जायची तेव्हा पडद्यावर सगळे धावत असायचे आणि हा आपला दगडासारखा पडून. एकदा न राहवून विचारलं, "भाऊजी, सगळे पळून राह्यले, तुमी काऊन पडून राह्यले?"

"मी पाहून राह्यलो, वैनी," तो म्हणाला. "कोनीतरी पाहाले पायजे ना."

मग मीही कधी कधी दाराला टेकून बघू लागले. हळूहळू कळलं की हा आळस नाही. तो सोपं सावज सोडून द्यायचा. ढालवाला समोर नाचत असला तरी त्याच्यावर गोळी वाया घालवायचा नाही. तो शोधायचा समोरच्यांना बरं करणाऱ्याला. तो एक पडला की बाकीचे आपोआप कच्चे होतात, असं त्याने मला समजावलं होतं. एक गोळी झाडली की लगेच ती जागा सोडायची, कारण आवाज झाला म्हणजे आपण कुठे आहोत ते समोरच्याला कळतं. आणि किती मारले हे मोजायचं नाही. आपल्या गोळीमुळे आपली माणसं चार पावलं पुढे गेली का, तेवढंच बघायचं.

त्याचा आजार आम्हाला दिसायच्या आधी या खेळात दिसला. त्याचे नेम चुकू लागले. प्रवीण चेष्टा करायचा, मंगेशही हसायचा, माऊस बिघडला म्हणायचा. नवा माऊस आला. तरी तेच. मग दुकानात चिमट्यातून बारीक स्क्रू निसटू लागले. मी बघत होते. एका सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात शर्ट उघडा ठेवूनच उभा राहिला आणि मागे आई नाही ना ते पाहून हळूच म्हणाला, "वैनी, बटन लावून द्या ना." मी बटणं लावली. त्याच्या दंडावर कातडीखाली काहीतरी बारीक फडफडत होतं, बैलाच्या अंगावर माशी बसल्यावर कातडी हलते तसं. त्या फडफडीची मला जी भीती वाटली ती नंतर कुठल्याच डॉक्टरने सांगितलेल्या गोष्टीची वाटली नाही.

हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्नायूंना हलवणाऱ्या नसा सुकत चालल्यात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. औषधाने थोडं लांबेल, थांबणार नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, त्या खेळामुळं झालं का? डॉक्टर नाही म्हणाले. सासूबाईंना ते पटलं नाही. घरी आल्या, एक जुनी चादर घेतली आणि कम्प्युटरवर टाकली. संध्याकाळ झाली की मंगेश समोरच्या खोलीत जाऊन त्या चादरीकडे तोंड करून बसायचा. असं बरेच दिवस चाललं. शेवटी सासूबाईंनीच एक दिवस ती चादर काढली, घडी केली, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "बसू दे त्याले. आता अजून काय बिघडनार हाय?"

पण तोवर त्याच्या बोटांत बंदूक चालवण्याइतका जोर उरला नव्हता. एका संध्याकाळी त्याने खुर्ची रिकामी केली, स्वतः बाजूच्या स्टुलावर बसला आणि मला म्हणाला, तुमी बसा. मी हसण्यावारी नेलं. तो हसत नव्हता. आदिलाबादला एका फंक्शन हॉलमध्ये स्पर्धा होणार होती, त्यांच्या गटाचं नाव कधीच दिलेलं होतं, आणि दुसरा स्नायपर त्याला नको होता. नवा माणूस आणला तर तो आपल्याच हौसेने खेळेल, तुम्ही मी सांगतो तसं खेळाल, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं खरं कारण वेगळं होतं. बाहेरचा कुणी त्या खुर्चीवर बसला असता तर मंगेशला त्या खोलीतून उठावं लागलं असतं.

सुरुवातीला त्याने मला गोळीच झाडू दिली नाही. फक्त बघायचं आणि दिसेल ते बोलायचं. कोण कुठे आहे, किती आहेत, कुणीकडे तोंड आहे. वांगी तोडून आले की हात धुवायचे आणि पडद्यासमोर बसून मोठ्याने बोलत राहायचं. सासूबाई मधून डोकावून जायच्या. मी भीतीने फार मागे सरकत असे. लपून राहिलं म्हणजे आपण सुरक्षित, असं मला वाटायचं. तो म्हणाला, "लांब राहा वैनी, पन एकट्या राहू नोका. आपला एक तरी मानूस तुमाले दिसला पायजे, आन तुमी त्याले." मग गोळी आली. श्वास सोडायचा, हात सैल करायचा, आणि मग बोट दाबायचं. हे सांगताना त्याचा स्वतःचा श्वास लागायचा. मी पडद्याकडे बघत असले तरी माझं सगळं लक्ष त्याच्या छातीकडे असायचं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही दुपारीच हॉलवर पोचलो. मंगेशला चाकाच्या खुर्चीत बसवून माझ्या मागे ठेवलं होतं. खेळ चालू असताना त्याने बोलायचं नाही, अशी संयोजकांची अट होती. तसंही त्याचं बोलणं आता जड झालं होतं, घरच्यांनाच समजायचं. सासूबाई आल्या होत्या. यायच्या नाहीत असं सांगून शेवटच्या क्षणी पातळ बदलून ऑटोत येऊन बसल्या. सगळ्या हॉलमध्ये कॉलेजची मुलं, आणि त्यांच्यात मी एकटी साडीतली. माझे तळहात इतके ओले होते की माऊस सरकत होता. पहिल्याच डावात पडद्यावर मागून कुणीतरी आलं आणि मला आडवं केलं. त्या खेळात मेलेला थोड्या वेळाने पुन्हा उठतो; मी उठले, पुन्हा तेच. कारण साधं होतं. मागे मंगेशचा श्वास अडखळला की मी वळून बघत होते.

डाव हरलो. मधल्या सुटीत त्याने मान हलवून मला जवळ बोलावलं. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"वैनी," तो म्हणाला, "तुमी माह्याकडंच पाहून राह्यल्या. माह्यापाशी आई हाय. तुमी तिकडं पाहा."

सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांनी खुर्ची सरकवून त्याच्या अगदी लगत घेतली, त्याचा हात आपल्या मांडीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "जा."

पुढच्या डावात मी एका पडक्या गच्चीवर जाऊन पडले. प्रवीणची ढाल मला दिसत होती. मी बोलत राहिले, कोण कुठे ते सांगत राहिले, आणि गोळी झाडली नाही. हॉलमध्ये मागून कुणीतरी म्हणालं, आंटी झोपल्या वाटतं. पोरं हसली. समोरचा ढालवाला माझ्या नेमात दोनदा आला, मी त्याला जाऊ दिलं. त्यांचा बरं करणारा भिंतीमागे होता आणि भिंतीमागेच राहत होता. मग त्यांचा कुणीतरी जखमी झाला आणि त्याला वाचवायला तो बाहेर आला... मी श्वास सोडला. तो पडला. मी ती गच्ची सोडली आणि प्रवीण चौकात घुसला. त्या क्षणी प्रवीण जे ओरडला ते तेलुगूत होतं, मला त्यातलं 'वदिना' तेवढं समजलं.

तीन डावांतले दोन घेऊन तो सामना आम्ही जिंकलो आणि त्यानंतरचा हरलो. त्याच्या शेवटच्या डावात मी घाई केली, गोळी भिंतीला लागली आणि सगळ्यांना माझी जागा कळली. परतीच्या ऑटोत मंगेश घरापर्यंत मला तेच समजावत होता. तुटक तुटक, एकेक शब्द गोळा करत. सासूबाई म्हणाल्या, आता पुरे, दमशील. तो थांबला नाही. माझ्या लग्नापासून इतकं सलग तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. त्यानंतरही बोलू शकला नाही, कारण पुढच्या काही महिन्यांत त्याचा आवाज गेला.

मग श्वासाचं मशीन आलं. त्याचा पलंग आम्ही समोरच्या खोलीत, कम्प्युटर दिसेल असा लावला. सगळं घर विजेवर कान ठेवून जगू लागलं. लाईन गेली की इन्व्हर्टर चालू होईपर्यंतचा जो क्षण असतो, त्या क्षणात आम्ही तिघंही उभे राहायचो, हातातलं काम टाकून. माझा नवरा शेतात असला तरी गावातले दिवे गेले की पळत यायचा. मंगेश आमच्याकडे बघायचा. त्याचे डोळे शेवटपर्यंत तसेच होते, शांत आणि तिखट. संध्याकाळी मी खेळायला बसावं अशी त्याची इच्छा असायची आणि मी बसायची. चुकीची जागा निवडली की तो डोळे मिटून घ्यायचा. बरोबर खेळले तर काहीच करायचा नाही, नुसता बघत राहायचा. गेला त्या सकाळी सासूबाई त्याचे केस विंचरत होत्या. मशीन चालू होतं, लाईन होती, सगळं नीट होतं. एवढी भीती आम्ही ज्या ज्या गोष्टींची बाळगली त्यातली एकही झाली नाही आणि तरी तो गेला.

तेरवी झाल्यावर पलंग हलवला. खोली एकदम मोठी दिसू लागली. प्रवीण आणि बाकीचे येऊन भेटून गेले, खेळाचं कुणी बोललं नाही. मागच्या आठवड्यात मीच प्रवीणला निरोप पाठवला आणि संध्याकाळी बसले. सासूबाई दाराशी वालाच्या शेंगा निवडायला बसल्या. कोण कोण आलं म्हणून त्यांनी विचारलं, मी नावं सांगितली, त्या ऐकून घेऊन पुन्हा शेंगा सोलू लागल्या. खेळ सुरू झाला आणि मी लगेच मेले. पुन्हा मेले. दर वेळी मारणारा डावीकडून आला होता. प्रवीणने विचारलं, त्या बाजूने पावलांचा आवाज येतो तो तुम्हाला ऐकू येत नाही का? तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हेडफोनची डावी बाजू मी कानामागे सरकवून ठेवली होती. मंगेशचा पलंग त्या बाजूला होता, आणि त्याचं मशीन ऐकू यावं म्हणून तो कान मी उघडा ठेवत असे. मी हेडफोन नीट दोन्ही कानांवर चढवला. थोडा वेळ गेला नाही तोच जीव घाबरला, आणि हात आपोआप वर जाऊन त्याने डावी बाजू पुन्हा मागे सारली. खोलीत शेंगा सोलल्याचा आवाज होता, दुसरा काही नव्हता. मी प्रवीणला सांगितलं की माझा हा कान झाकला जात नाही, आणि का ते सांगितलं.

मग प्रवीण म्हणाला, "रहने दो, वदिना. लेफ्ट मैं देखतूं."